पिंजऱ्यावरच्या नावामागे

१९७६ साली मुंबईहून हैदराबादला एक खातं हललं. ‘लॅबोरेटरी अ‍ॅनिमल्स इन्फर्मेशन सर्व्हिस’ असं त्याचं नाव. परळच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधून उठून ते तार्नाक्याला, राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आवारात आलं. पुढे १९९८ मध्ये त्याचं ‘नॅशनल सेंटर फॉर लॅबोरेटरी अ‍ॅनिमल सायन्सेस’ झालं. देशभरातल्या प्रयोगशाळांना खात्रीच्या वंशाचे उंदीर, रॅट आणि गिनीपिग पुरवायचे आणि ते सांभाळणारी माणसं तयार करायची, हे त्याचं काम. त्या तयार झालेल्या माणसांपैकी मी एक.

आमचं घर हैदराबादच्या जामबागेत, विवेकवर्धिनी शाळेपासून हाकेच्या अंतरावर. आजोबा निजामाच्या राज्यात नांदेडकडून इथे नोकरीला आले आणि इथलेच झाले. कोठीच्या विमेन्स कॉलेजातून मी प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केलं आणि शहरातल्या एका प्रयोगशाळेच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये लागले ती निवृत्तीपर्यंत तिथेच. सकाळी जामबागेच्या बाजारात फुलांच्या पाट्या उतरत असताना मी बाहेर पडायची, आणि तासाभराने अंगात एप्रन, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क अशी उंदरांच्या खोलीत उभी असायची. नातेवाइकांना हे काम कधी नीट कळलं नाही. औषधं देणारे, टोचणारे, रक्त काढणारे ते शास्त्रज्ञ; मग तुम्ही काय करता? आम्ही जोड्या लावतो, वह्या लिहितो, पिल्लं वेगळी करतो, भुसा बदलतो. प्रतिकारशक्तीवरच्या संशोधनाचा इतिहास शास्त्रज्ञांच्या नावांनी लिहिला जातो आणि ते रास्तच आहे. पण त्यातल्या काही मोठ्या कोड्यांची उत्तरं आमच्यासारख्यांच्या वह्यांत पडून होती, हे मला या वयात स्वच्छ दिसतं, आणि तेच इथे मांडायचं आहे.

आमच्या धंद्याची मूळ बाई अमेरिकेतली. अ‍ॅबी लॅथ्रॉप. जन्म १८६८, पेशाने शिक्षिका, तब्येत साथ देईना म्हणून शाळा सोडली आणि मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅनबी गावी कोंबड्या पाळून पाहिल्या. ते जमलं नाही. मग उंदीर. त्या काळी तिकडे रंगीबेरंगी, नाचरे उंदीर हौसेने पाळायचे. लॅथ्रॉपबाई ते वाढवून विकू लागल्या. हार्वर्डचे विल्यम कॅसल आनुवंशिकता शिकत होते, त्यांनी बाईंकडून उंदीर घेतले. मागणी वाढत गेली, कोठारात अकरा हजारांच्या वर उंदीर झाले, पिंजरे साफ करायला गावातली पोरं तासावर ठेवली. पण बाईंचं मोठेपण संख्येत नाही. काही उंदरांच्या अंगावर गाठी दिसल्या, तेव्हा त्यांनी ते नमुने शास्त्रज्ञांकडे पाठवले. पेनसिल्व्हेनियाचे लिओ लोब यांनी हा कर्करोग आहे असं ओळखलं. कुठल्या घराण्यात गाठी जास्त आणि कुठल्यात कमी, हे बाईंच्या वहीत होतं. दोघांनी मिळून निबंध लिहिले. मादीची अंडाशयं काढली की स्तनाचे कर्करोग कमी होतात, हेही त्यांनी दाखवलं. १९१८ मध्ये बाई गेल्या. त्यांच्या वह्या आजही मेन राज्यातल्या जॅक्सन लॅबोरेटरीत जपून ठेवलेल्या आहेत.

कॅसल यांचा विद्यार्थी क्लॅरेन्स कुक लिटल. त्याने लॅथ्रॉपबाईंच्या उंदरांतली ५७ क्रमांकाची मादी घेतली, ५२ क्रमांकाच्या नराशी तिची जोड लावली आणि १९२१ पासून तिच्या वंशात भावाची बहिणीशी, पिढ्यान्‌पिढ्या जोड लावत गेला. त्या ५७ क्रमांकावरून सी-५७ आणि काळा रंग म्हणून ब्लॅक. आज जगातल्या कुठल्याही इम्युनॉलॉजीच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या शास्त्राच्या प्रयोगशाळेत जा, ‘ब्लॅक सिक्स’ नावाचा जो काळा उंदीर भेटतो तो याच मादीचा वंशज. २००२ मध्ये उंदराचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला, तोही याचाच.

भावा-बहिणीची जोड लावण्याचं कारण साधं आहे. प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. सख्ख्या भावंडांच्या जोड्या लावत गेलं की दर पिढीला या दोन प्रती सारख्या होण्याची शक्यता वाढते. वीस पिढ्या असं केलं की त्या वंशाला शुद्ध म्हणायचं, असा जगभरचा नियम आहे. उंदरीण वीस दिवसांच्या आसपास विते, एकविसाव्या दिवशी पिल्लं वेगळी करायची, सहा ते आठ आठवड्यांत ती स्वतः जोडीला तयार होतात. वर्षाला तीन-चार पिढ्या. म्हणजे वीस पिढ्यांना पाच-सहा वर्षं हवीत, आणि त्या काळात एकही पिंजरा चुकून चालत नाही. एका नराचा पाय चुकीच्या पिंजऱ्यात पडला की मागचं सगळं वाया.

इम्युनॉलॉजीला असा उंदीर का लागतो? शरीर ‘आपलं’ कुणाला म्हणतं आणि ‘परकं’ कुणाला, हा या शास्त्राचा गाभा. एका उंदराची कातडी दुसऱ्यावर लावली आणि दोघं एकाच शुद्ध वंशाचे असतील तर ती रुजते. वंश वेगळा असेल तर दोनेक आठवड्यांत काळी पडून गळते. लंडनचे पीटर गोरर आणि जॅक्सन लॅबोरेटरीचे जॉर्ज स्नेल यांनी हा भेद ठरवणारे जीन शोधले, स्नेल यांना त्यासाठी १९८० मध्ये नोबेल मिळालं. कातडी लावून पाहण्याची हीच पद्धत आमच्याकडे वंश तपासायला वापरायचे. शेपटीवरच्या कातडीची बारीक चकती काढायची, दुसऱ्या उंदराच्या शेपटीवर उलट्या दिशेने बसवायची, वरून काचेची नळी घालायची म्हणजे तो ती चाटत नाही. काही आठवड्यांनी केस उलट्या दिशेने उगवलेले दिसले की समजायचं, कलम लागलं, वंश एक आहे. ती उलटी लव पाहिली की केवढं समाधान व्हायचं!

पण ही परीक्षा सगळं पकडत नाही, आणि इथूनच खरी गोष्ट सुरू होते. जीनची नक्कल होताना चुका होतात. प्रत्येक पिल्लात आई-बापांत नसलेले थोडे नवे बदल असतातच. बहुतेक निरुपद्रवी. पण कॉलनी जेव्हा वाढवतात तेव्हा ती अधूनमधून एकाच जोडीपासून पुन्हा उभी केली जाते. त्या जोडीत बदल असेल तर बघता बघता तो सगळ्यांचा होतो, नसेल तर कायमचा जातो. आमच्याकडे मे महिन्यात एसी बंद पडायचा. तापलेल्या खोलीत माद्या पिल्लं खातात, जोड्या थांबतात. अशा वेळी मोजक्या जोड्या उरतात आणि पुढचं सगळं घराणं त्यांच्यावर उभं राहतं. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. रंग तोच आणि कार्डावरचं नावही तेच.

१९५१ मध्ये जॅक्सन लॅबोरेटरीतून ब्लॅक सिक्स उंदीर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे, एनआयएचकडे गेले. तेव्हापासून त्यांची दोन घराणी झाली, जॅक्सनचं ‘जे’ आणि एनआयएचचं ‘एन’. हैदराबादच्या मराठी माणसाला हे समजायला अवघड नाही. १९५६ मध्ये भाषावार राज्यं झाली, मराठवाडा तिकडे गेला आणि आमच्यासारखे इथे राहिले. आडनाव एक, कुलदैवत एक, आणि पन्नास वर्षांनी लग्नात भेटलो तर नांदेडच्या चुलतभावंडांना आमच्या तोंडचं अर्धं दखनी ऐकू येतं. उंदरांच्या दोन घराण्यांतही तेच झालं. ‘जे’ मध्ये पेशीतल्या ऊर्जेच्या कारभाराशी संबंधित असलेल्या एनएनटी नावाच्या जीनचा एक तुकडाच गळाला. ही गोष्ट २००५ मध्ये समजली, तोपर्यंत त्या उंदरावर हजारो निबंध होऊन गेले होते. ‘एन’ मध्ये डोळ्याच्या पडद्याला इजा करणारा सीआरबी-१ चा बदल घुसला. तो सगळीकडे पसरला आहे हे २०१२ मध्ये दाखवलं गेलं, तेव्हा डोळ्यांच्या दाहावर काम करणाऱ्यांना आपले जुने निष्कर्ष पुन्हा तपासावे लागले. आणि आपल्याकडचे निबंध उघडून पाहा: ‘ब्लॅक सिक्स उंदीर वापरले’, एवढंच. जे की एन, कुठून आणले, कितव्या पिढीचे, काही नाही. याचा मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

आपल्या देशात शुद्ध वंशाच्या उंदरांवरचं शिस्तीचं काम मुंबईला रुजलं. डॉ. वसंत रामजी खानोलकर टाटा मेमोरियलमध्ये रोगनिदानाचे प्रमुख होते. १९५२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं. त्यांच्या हाताखाली १९४९ मध्ये डॉक्टरेट झालेल्या कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. देशातली पहिली ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा त्यांनी मुंबईत उभारली, १९७३ मध्ये भारतीय स्त्री-वैज्ञानिकांची संघटना काढण्यात त्या पुढे होत्या, १९८२ मध्ये पद्मभूषण. हे सगळं चरित्रांत येतं. पण त्यांच्या संशोधनाचा कणा म्हणजे उंदरांची घराणी होती, हे कमी सांगितलं जातं. कुठल्या वंशातल्या माद्यांना स्तनाचा कर्करोग हमखास होतो, कुठल्या वंशात जवळजवळ होत नाही, आणि त्यात वंशाचा, संप्रेरकांचा, विषाणूचा वाटा किती, हा त्यांचा प्रश्न.

त्यातल्या विषाणूची गोष्ट विलक्षण आहे. १९३६ मध्ये जॅक्सन लॅबोरेटरीच्या जॉन बिटनर यांनी दाखवलं की हा कर्करोग आईच्या दुधातून पिल्लाकडे जातो. कर्करोगी वंशाचं पिल्लू जन्मल्याबरोबर निरोगी वंशाच्या मादीला पाजायला दिलं तर पुढे त्याला रोग होण्याचं प्रमाण खूप उतरतं. असं पिल्लू दुसरीच्या पदराखाली घालणं आमच्या हाताला सवयीचं. आधी आई बाजूला काढायची, मग हातमोजे दाईच्या भुशात चोळायचे, पिल्लांना तोच भुसा अलगद लावायचा म्हणजे त्यांना तिचा वास येतो. मग तिच्या पिल्लांच्या मधोमध ती ठेवून झाकण लावायचं आणि खोलीबाहेर पडायचं. ती त्यांना तोंडात धरून घरट्यात नेताना दिसली की जमलं. दुधातल्या या विषाणूचं प्रतिकारशक्तीशी नातं मात्र १९९१ पर्यंत कुणाला माहीत नव्हतं. काही वंशांत प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींचे गटच्या गट का गायब असतात, हे कोडं इम्युनॉलॉजीवाले काही वर्षं सोडवत होते. उत्तर निघालं ते याच विषाणूत: त्याचं एक प्रथिन थायमस ग्रंथीत त्या पेशींचा नायनाट करतं. कित्येक वंशांच्या गुणसूत्रांतच हा विषाणू पिढ्यान्‌पिढ्या चिकटून बसलेला आहे, तिथे दूधही लागत नाही. कर्करोगाच्या खोलीतलं ज्ञान आणि प्रतिकारशक्तीच्या खोलीतलं कोडं शेजारी-शेजारी होतं, मधली भिंत तेवढी कुणी ओलांडली नव्हती.

परळच्या त्या केंद्राचा स्वतःचा एक वंश होता, केंद्राच्याच आद्याक्षरांनी ओळखला जाणारा: आयसीआरसी उंदीर. कर्करोगासाठी वाढवलेला. १९८० च्या दशकात तिथल्याच संशोधकांनी नोंदवलं की या उंदरांतल्या काहींची अन्ननलिका फुगून पिशवीसारखी होते, गिळलेलं खाली उतरत नाही. माणसांत अ‍ॅकलेशिया म्हणतात त्या आजाराशी हे जुळतं. म्हणजे कर्करोगाचा उंदीर म्हणून जो सगळ्यांना ठाऊक होता, तो अन्ननलिकेच्या एका दुखण्याचंही घराणं निघाला. मला यात त्या केंद्राच्या प्राणीसेवकांची शाबासकी दिसते. मेलेला उंदीर फेकून न देता उघडून पाहायची शिस्त नसेल तर असलं काही सापडत नाही.

आमच्याकडे सी-थ्री-एच वंश होता. १९२० मध्ये लिओनेल स्ट्राँग यांनी तयार केलेला, घरातल्या उंदरासारखा करडा. आमच्या खोलीत एक वयस्क अटेंडंट होते, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. मी नवी असताना ते मला रॅकपाशी घेऊन गेले. काळ्या उंदरांच्या पिंजऱ्यावरून त्यांनी हाताची सावली झपकन फिरवली, ते भुशात घुसले. मग करड्यांच्या पिंजऱ्यावर तीच सावली. एकानेही अंग आक्रसलं नाही, आपले दाणे कुरतडत राहिले. “अम्मा, इनको दिखताच नै,” अण्णा म्हणाले. खरंच नव्हतं दिसत. सी-थ्री-एच वंशात डोळ्याच्या पडद्याचा एक जुना दोष आहे, दूध सुटेपर्यंत ही पिल्लं जवळजवळ आंधळी झालेली असतात. अण्णांनी ते पुस्तकात वाचलं नव्हतं. रोज हजार पिंजरे हाताखालून गेले की माणसाला असं दिसतं.

याच सी-थ्री-एच वंशाने इम्युनॉलॉजीला तिचा एक सर्वांत मोठा शोध दिला. वंशाच्या नावापुढे एचई-जे आणि एचई-एन अशी शेपटं असतात. एचई म्हणजे वॉल्टर हेस्टन, ज्यांच्याकडून १९४७ मध्ये उंदीर जॅक्सनला आले, आणि ‘जे’ म्हणजे जॅक्सन. पोटात टायफॉइडच्या जातीचे जंतू शिरले की त्यांच्या आवरणातला एंडोटॉक्सिन नावाचा पदार्थ शरीराला धोक्याची जाणीव देतो. ताप येतो, जास्त झालं तर माणूस दगावतो. १९६८ मध्ये बार्नेट सल्टझर यांनी नोंदवलं की सी-थ्री-एच-एचई-जे उंदरांवर या पदार्थाचा परिणामच होत नाही. दुसऱ्या उंदराचा जीव घेईल एवढी मात्रा यांना काहीच करत नाही. पण गंमत उलटी: तेच उंदीर जिवंत जंतूंच्या अगदी लहान मात्रेने मरतात, कारण धोका आल्याचं त्यांच्या शरीराला कळतच नाही. शेजारच्या एचई-एन घराण्यात हा दोष नाही. मग तो कुठे आणि कधी शिरला? जुनी कागदपत्रं, कुठली कॉलनी कधी वेगळी झाली याच्या नोंदी ताडून पाहिल्यावर निघालं की १९५८ ते १९६५ या दरम्यान, जॅक्सनच्या कॉलनीत. हे सांगणारी गोष्ट जीन नव्हती, नोंदवही होती. जीन सापडायला १९९८ उजाडलं. डॅलसच्या ब्रूस बॉयटलर यांच्या प्रयोगशाळेत अलेक्झांडर पोल्टोराक यांनी तो शोधला: टीएलआर-४, आणि त्यात एकच अक्षर बदललेलं, ७१२ व्या जागी प्रोलीनऐवजी हिस्टिडीन. जंतूंची पहिली चाहूल शरीराला कशी लागते, हे त्यातून उलगडलं. २०११ चं नोबेल बॉयटलर यांना आणखी दोघांसह मिळालं. दोन शेजारी कॉलन्या एकच समजून मिसळल्या असत्या, तर हा शोध लांबला असता.

सगळ्याच ठिकाणी असं चांगलं घडत नाही. बॉस्टनला शिव पिल्लई यांच्या प्रयोगशाळेत सियालिक अ‍ॅसिडशी संबंधित एसआयएई नावाचा जीन मोडलेले उंदीर तयार केले होते. प्लीहेच्या कडेला बसणाऱ्या बी-पेशी त्यांच्यात दिसेनात, आणि २००९ मध्ये हा त्या जीनचा परिणाम म्हणून छापून आलं. २०१६ मध्ये त्याच प्रयोगशाळेच्या विनय महाजन आणि सहकाऱ्यांनी स्वतःच दाखवलं की कारण निराळं आहे. संकरासाठी एका मोठ्या पुरवठादाराकडून ब्लॅक सिक्स ‘एन’ उंदीर आणले होते, आणि त्या कॉलनीत डॉक-२ या जीनचा एक भाग दोनदा लिहिला गेल्याने तो जीन निकामी झालेला होता. डॉक-२ नसेल तर पांढऱ्या पेशींना हलता येत नाही, जागच्या जागी राहतात. निरोगी, साधा उंदीर म्हणून विकला जाणारा उंदीर प्रतिकारशक्तीने अर्धवट होता, आणि तो दोष संकरांतून इतरांच्या उंदरांत शिरत होता. त्याआधी २०१२ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात आयआरएफ-५ नावाचा जीन मोडलेल्या उंदरांतही हाच डॉक-२ चा दोष सापडला होता. ज्यांनी स्वतःचाच निष्कर्ष दुरुस्त करून छापला त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. तशी माणसं थोडी असतात.

कॅस्पेज-११ या जीनची गोष्टही याच जातीची. १९९५ पासून समज होता की एंडोटॉक्सिनच्या धक्क्यातून वाचवायचं तर कॅस्पेज-१ मोडावा लागतो. २०११ मध्ये कळलं की ज्या १२९ वंशाच्या पेशींतून कॅस्पेज-१ मोडलेला उंदीर घडवला, त्या वंशात शेजारचा कॅस्पेज-११ आधीच मोडलेला आहे. दोन्ही नवव्या गुणसूत्रावर इतके लगत की संकराने वेगळे होत नाहीत. सोळा वर्षांचे निष्कर्ष पुन्हा चाळावे लागले.

आता आपल्या शहरातली गोष्ट. राष्ट्रीय पोषण संस्था मूळ निलगिरीतली. १९१८ मध्ये कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी बेरीबेरीच्या चौकशीने सुरुवात केली. १९२० मध्ये विस्टार वंशाचे पांढरे रॅट लंडनहून तिथे आले. संस्था हैदराबादला आली १९५८ मध्ये, संचालक होते डॉ. व्ही. एन. पटवर्धन, आणि रॅटही आले. निलगिरीच्या गारव्यातून दख्खनच्या उन्हात, पण त्यांच्यासाठी हवा राखलेल्या खोल्यांत. ही कॉलनी सत्तरएक वर्षं अखंड चालली आणि मग तिच्यात गलेलठ्ठ रॅट दिसू लागले. डॉ. एन. व्ही. गिरिधरन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये त्यांची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध केली. सतत खाणारे, सतत पाणी पिणारे, वंश वाढवू न शकणारे. दोष एकेरी असेल तर रॅट मध्यम जाड, दुहेरी असेल तर प्रचंड. त्यामुळे वाहक कोण हे नजरेने ओळखता येतं. दोन घराणी वेगळी केली, एकात रक्तातली साखर नीट जिरत नाही, दुसऱ्यात जिरते. दोषाचा माग पाचव्या गुणसूत्रापर्यंत गेला. आणि पुढे हे रॅट प्रतिकारशक्तीच्या अभ्यासातही आले: कावीळ-बी ची लस टोचल्यावर लठ्ठ रॅटमध्ये प्रतिसाद बिघडलेला आढळला. लठ्ठ माणसांत लस कमी का लागू पडते, हा प्रश्न आपल्या मधुमेही शहरात काही पुस्तकी नाही.

या रॅटचा विचार करते तेव्हा मला त्या खोलीत पहिल्यांदा पिंजरा उचलणारा हात डोळ्यांसमोर येतो, जरी तो कुणाचा हे मला ठाऊक नाही. रॅट जाड झाला तर सोपं उत्तर असतं, जास्त खाल्लं असेल. त्याला बाजूला काढून, आई-बाप कोण हे वहीत पाहून, त्याच जोडीची पुढची वीण थांबवून न ठेवता वाढवायची, हा निर्णय कुणीतरी घेतला. अशा ठिकाणी शास्त्र घडतं.

आज तपासणी सोपी झाली आहे. शेपटीचं टोक किंवा कानाचा तुकडा पाठवला की जनुकीय खुणांचा तक्ता येतो, काही दिवसांत ‘जे’ की ‘एन’ ते कळतं. जॅक्सनवाल्यांनी २००३ पासून ब्लॅक सिक्सच्या एका भावा-बहिणीच्या जोडीचे भ्रूण गोठवून ठेवलेत. दर पाच पिढ्यांनी त्यातूनच कॉलनी नव्याने सुरू करायची, म्हणजे बदल साचत नाहीत. मूळ कॉलनीपासून वीस पिढ्या दूर गेलं की वेगळं उपघराणं मानून नाव बदलायचं, हा नियम तर जुनाच. आपल्याकडच्या संस्थांनी हे तिन्ही करावं. पैसे लागतात, पण चुकलेल्या प्रयोगाला त्याहून जास्त लागतात, आणि त्यात मेलेल्या जिवांचा हिशेब वेगळाच. ज्या उंदराचा वंश ठाऊक नाही त्याला सुई लावायचा आपल्याला हक्क नाही, असं माझं मत आहे आणि ते मी प्रशिक्षणाला येणाऱ्या पोरापोरींना दरवेळी सांगत आले.

मात्र जुन्या वह्यांचं काय, याची मला खरी काळजी आहे. संगणक आला, कापडी पुठ्ठ्याच्या पेडिग्री-वह्या कपाटांत गेल्या, कपाटं गोदामात गेली आणि मग रद्दी निघाली. आमच्या खोलीतल्या वह्यांत मी आणि अण्णांनी पेन्सिलीने लिहिलेल्या नोंदी होत्या: कुठल्या तारखेला कुठून किती जोड्या आल्या, कुठल्या उन्हाळ्यात किती उरल्या, कुठल्या पिल्लाच्या शेपटीला गाठ होती. परळला, तार्नाक्याला, हाफकिन संस्थेत, पुण्याला हे काम केलेली माणसं आता सत्तरीत-ऐंशीत आहेत. मराठी, तेलुगू, दखनी, कोकणी, जी येईल त्या भाषेत त्यांच्याकडून हे लिहून घ्यायला हवं, आणि लवकर. विचारायचे प्रश्न अवघड नाहीत. ही जोडी तुमच्याकडे कुठल्या साली, कुणाकडून आली? मधे कधी बाहेरचा नर घातला का? एसी बंद पडला त्या वर्षी कुठल्या पिंजऱ्यातल्या माद्या वाचल्या? तुम्ही कुणाला उंदीर दिले आणि त्यांनी पुढे कुणाला? वेगळं असं काही दिसलं होतं का, जे तुम्ही साहेबांना सांगितलं आणि ते लिहून घेतलं गेलं नाही?